चर्च विकणे आहे: इंग्लंडचं, वेल्सचं की स्कॉटलंडचं?

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक लिंक येते. दगडी मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या, भोवती हिरवळ आणि वर 'फॉर सेल'. खाली लगेच कोणीतरी लिहितं, "गणपतीसाठी काय जागा आहे राव!" दुसरा विचारतो, "एवढी स्वस्त? काहीतरी लफडं असणार." दोघांचंही बरोबर असतं.

लंडनमध्ये एका बेडरूमच्या फ्लॅटला जेवढे पैसे मोजावे लागतात, त्याहून कमी पैशांत वेल्सच्या खोऱ्यांमध्ये दोन-तीनशे माणसं बसतील असं चॅपल, म्हणजे छोट्या प्रोटेस्टंट पंथांचं प्रार्थनागृह, मिळू शकतं. मी जुन्या इमारतींच्या डागडुजीच्या कामात आहे, त्यामुळे अशा लिंका माझ्याकडेही येतात, "जरा बघ ना" म्हणून. माझा अनुभव असा की लोक छत बघून भाळतात आणि कागद सगळ्यात शेवटी वाचतात. विकणारा कोणता पंथ आहे, इमारत ब्रिटनच्या कुठल्या भागात आहे आणि भोवतालच्या जमिनीत कोण पुरलेलं आहे, या तीन गोष्टींवर तुम्हाला तिथे काय करता येईल ते ठरतं. बाकीचं नंतर.

विक्रीला येणाऱ्या वास्तू ढोबळमानाने तीन घराण्यांतल्या: चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे अँग्लिकन चर्च, वेल्स आणि उत्तर इंग्लंडमधली नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे त्या चर्चबाहेरच्या पंथांची चॅपल (मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, इंडिपेंडंट वगैरे), आणि चर्च ऑफ स्कॉटलंडची, म्हणजे तिकडच्या भाषेत 'कर्क'. माझा कौल आधीच सांगून टाकतो. मंडळाला वास्तू हवी असेल तर चॅपल. एखाद्या जोडप्याला राहायला घर करायचं असेल तर स्कॉटलंडची कर्क. अँग्लिकन चर्च दिसायला तिघांत सरस, पण त्याच्या नादी लागायला वेळ आणि पैसा दोन्ही हाताशी हवेत. मध्ययुगीन असेल तर मी हात जोडेन.

एवढी चर्च विकायला येतात कुठून

आपल्याकडे देवळाच्या दारावर 'विकणे आहे'ची पाटी दिसत नाही. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्रात 1950च्या कायद्याच्या कलम 36खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, आणि देवाची जागा विकायला काढण्याची गावात कोणाची छाती होत नाही. इथे माणसं चर्चला जायची कमी झाली हे एक कारण आहेच. पण मुळात गरजेपेक्षा जास्त बांधली गेली, हे त्याहून मोठं.

स्कॉटलंडचं उदाहरण घ्या. 1843 साली तिथल्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. सुमारे एक तृतीयांश पाद्री बाहेर पडले आणि त्यांनी 'फ्री चर्च' काढलं. मग जिथे एक चर्च होतं तिथे समोरच दुसरं उभं राहिलं. पुढे 1900 आणि 1929मध्ये बहुतेक गट पुन्हा एक झाले, पण इमारती तेवढ्याच राहिल्या. एका शहरातली दोन मराठी मंडळं समेट करून एकत्र येतात आणि ढोल-ताशाचे दोन-दोन संच पडून राहतात, त्यातलाच हा प्रकार. 2021नंतर चर्च ऑफ स्कॉटलंडने प्रत्येक प्रांताला कोणत्या वास्तू ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या याचा आराखडा करायला लावला. तेव्हापासून तिथे विक्रीचा ओघ वाढला.

वेल्समध्ये कोळसा आणि लोखंडाच्या धंद्यावर गावं वाढली, आणि त्याच गावात बॅप्टिस्टांचं एक, इंडिपेंडंटांचं एक, कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्टांचं एक अशी चॅपल एकमेकांच्या ईर्ष्येने उभी राहिली. 1904-05च्या धार्मिक लाटेने त्यात भर घातली. खाणी गेल्या, माणसं गेली, इमारती मागे राहिल्या.

इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडकडे आजही सुमारे 16,000 चर्च आहेत. त्यातली 12,000हून अधिक लिस्टेड म्हणजे संरक्षित, आणि देशातल्या ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च श्रेणीच्या इमारतींपैकी जवळजवळ 45 टक्के एकट्या या संस्थेच्या. म्हणजे तुमच्या नजरेत भरलेलं देखणं अँग्लिकन चर्च लिस्टेड असण्याचीच शक्यता दाट. चॅपलच्या बाबतीत असं आधीच धरून चालता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं तपासावं लागतं.

अँग्लिकन: विकणारा चर्च, आणि विकल्यावरही चर्चच

चर्च ऑफ इंग्लंडचं चर्च बाजारात आलं तरी ते इतर मालमत्तेसारखं विकलं जात नाही. 2011च्या मिशन अँड पास्टोरल मेजर या कायद्याखाली आधी ते 'नियमित उपासनेसाठी बंद' म्हणून जाहीर होतं. मग त्याचा पुढचा वापर काय असावा यावर चर्च कमिशनर्स हे चर्चचंच मध्यवर्ती मंडळ एक योजना तयार करतं. तिचा मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांना हरकती घेता येतात, हरकती आल्या तर सुनावणी होते. कमिशनर्सच्या निर्णयावरही कोणी अडून बसलं तर परवानगी घेऊन प्रिव्ही काउन्सिल या वरिष्ठ अपील मंडळापर्यंत जाता येतं. होय, तीच प्रिव्ही काउन्सिल, जिने 1897च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना अपिलाची परवानगी नाकारली. शेजारच्या आजीबाईंना तुमच्या पार्किंगची धास्ती वाटली तर त्यांच्यापुढे एवढी लांबलचक वाट मोकळी आहे.

योजनेत वापर नेमक्या शब्दांत लिहिलेला असतो: 'निवासासाठी', 'कलाकेंद्र म्हणून', असा. विक्रीच्या दस्तात त्याच वापराचं बंधन येतं. त्याला कव्हेनंट म्हणतात. वापर बदलायचा तर पुन्हा चर्चकडे. पाडायचं, मोठा फेरफार करायचा, तरी त्यांची संमती, आणि ती नगरपालिकेच्या परवानगीखेरीज वेगळी. पुढे मोठ्या नफ्यात विकलंत तर त्यातला हिस्सा मागणारं कलमही अनेकदा असतं.

मंडळासाठी कळीचा मुद्दा वेगळाच. 'सांस्कृतिक केंद्र' या शब्दांत गणपतीची प्राणप्रतिष्ठा बसते का? दहा दिवस आरती, सत्यनारायण, श्रावणातली मंगळागौर? इतर धर्माच्या उपासनेबद्दल अँग्लिकन कव्हेनंट काटेकोर असू शकतात. एजंट तोंडी म्हणेल, "ओह, दॅट शुड बी फाइन." त्याच्या 'शुड'वर एक पौंडही लावू नका. प्रश्न लेखी विचारा, आणि त्यात 'कल्चरल इव्हेंट' असं गुळमुळीत न लिहिता मूर्ती बसवणार, पूजा होणार, आरती होणार, प्रसाद वाटणार हे स्पष्ट लिहा. नंतर भांडत बसण्यापेक्षा आधी नकार आलेला बरा.

आता थडगी. अँग्लिकन चर्चभोवतीचं आवार हे बहुधा स्मशान. अनेकदा विक्रीत फक्त इमारत आणि तिच्यापर्यंतची पायवाट येते, आवार चर्चकडेच राहतं. तुमच्या दारातून मृतांचे नातेवाईक फुलं घेऊन येणार-जाणार आणि तो त्यांचा हक्क. त्यात महायुद्धातल्या सैनिकाची कबर असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची माणसंही देखभालीला येतात. ब्रिटनभर अशी 12,000हून जास्त ठिकाणं आहेत, तेव्हा त्यात अपूर्वाई नाही. थडग्यांची भीती मी घालत नाही. माझ्या मते ते शेजारी उत्तम, आवाजाची तक्रार करत नाहीत. अडचण निघते ती जमिनीखाली.

जुन्या चर्चला संडास नसतो. रविवारी तासाभरासाठी येणाऱ्यांना तो लागत नव्हता. तुम्हाला दोनशे माणसांच्या जेवणाचा कार्यक्रम करायचा तर स्वयंपाकघर, संडास आणि मैलापाण्याची लाइन पाहिजे. ती लाइन रस्त्यापर्यंत न्यायची म्हणजे स्मशानातून चर खणायचा. तिथे पुरातत्त्वज्ञ उभा करावा लागतो, हाडं निघाली की काम थांबतं, आणि त्याचा खर्च तुमचा. फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या टाकून हॉल उबदार करू, असं प्रत्येकाच्या मनात येतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चर्चच्या आतही फरशीखाली पुरायची रीत होती. जुन्या अँग्लिकन चर्चमध्ये फरशी उचलण्याची कल्पनाच मी तरी सोडून देतो.

चॅपल: बाहेरून कमी, आतून जास्त

वेल्समधलं ठरावीक चॅपल डोळ्यांसमोर आणा. दर्शनी बाजू ऐटदार: खांब, कमानी, वर दगडात कोरलेलं नाव, बेथेल, सायन, एबेनेझर यांपैकी काहीतरी, आणि बांधल्याचं साल. बाजूच्या गल्लीत शिरलं की तोच थाट संपतो आणि ओबडधोबड दगडांवर खरबरीत गिलावा दिसतो. पैसे होते तेवढे समोर लावले, हे उघड. स्वॉन्झीतल्या मॉरिस्टनचं 1872चं टॅबरनॅकल हा या घराण्याचा शिरोमणी, ग्रेड वन. तसं काही विकायला येईल ही अपेक्षा ठेवू नका. बाजारात येतात ती गल्लीबोळातली साधी.

पण आत गेल्यावर फरक कळतो. अँग्लिकन चर्च लांबोडकं असतं, वेदीकडे तोंड करून, मधे खांबांच्या रांगा. चॅपल बांधलं प्रवचन ऐकण्यासाठी, म्हणून ते जवळजवळ चौकोनी, खांब कमी, तिन्ही बाजूंना माडी, आणि समोर प्रवचनासाठी उंच ओटा, पुलपिट. त्याच्या पायथ्याशी डीकन, म्हणजे चॅपलच्या कारभारी लोकांसाठी कठडा घातलेला मोठा बाक असतो, 'सेट वार'. ती जागा बघितली की नाटकवाल्या मराठी माणसाच्या डोक्यात आपोआप रंगमंच उभा राहतो, आणि तो चुकत नाही. ध्वनी असा की माईकशिवाय नाट्यगीत शेवटच्या बाकापर्यंत जावं. मागे बहुधा 'व्हेस्ट्री' किंवा संडे स्कूलची खोली, तिथे सिंक, चहाचं मोठं भांडं ठेवायची फळी, आणि नशीब असेल तर संडासही. मंडळाच्या दृष्टीने ही मागची खोली पुढच्या सगळ्या कोरीवकामाहून मोलाची.

कायद्याच्या बाजूनेही इथे सुटसुटीत. अँग्लिकन अर्थाने इमारत 'अभिषिक्त', म्हणजे विधिपूर्वक देवाला वाहिलेली नसते, त्यामुळे ती योजना, तो मसुदा, ती सुनावणी नाही. विकणारी संस्था ट्रस्ट असते आणि कायद्याने तिला तज्ज्ञाचा अहवाल घेऊन शक्य तितका चांगला भाव मिळवावा लागतो. अटी असतात, पण त्या बहुधा दारू आणि जुगार यांवर. मंडळाच्या थर्टी-फर्स्टच्या पार्टीचा बेत असेल तर त्या कलमाची भाषा नीट बघा. तंबोला जुगारात मोडतो का, हेही विचारून घ्या. हसू नका, बिंगोवरून इथे खरोखर वाद झाले आहेत.

सगळ्या चॅपलना स्मशान नसतं, काहींना असतं. असेल तर दफनभूमीवर बांधकाम करण्याचे कायदे लागू होतात, आणि गेल्या 50 वर्षांतलं दफन असून नातेवाइकांनी हरकत घेतली तर त्या जागेवर बांधता येत नाही. म्हणून थडग्यांवरची सालं वाचत एक फेरी मारा. 1890च्या आसपास थांबत असतील तर निश्चिंत. 1994चं एक ताजं, पुसून ठेवलेलं संगमरवरी थडगं दिसलं की मागच्या अंगणात स्वयंपाकघर वाढवायचा बेत बाजूला ठेवा.

धोका आहे तो विक्रीच्या पद्धतीत. चॅपल अनेकदा लिलावात निघतात. हातोडा पडला की करार झाला, माघार नाही. दहा टक्के तिथल्या तिथे आणि उरलेले बहुधा 28 दिवसांत. तेवढ्यात मंडळाची सर्वसाधारण सभासुद्धा बोलावून होत नाही! तेव्हा सर्व्हे, कागदपत्रांची छाननी आणि पैशांची जमवाजमव लिलावाच्या आधी. जाहिरातीतली 'गाइड प्राइस', म्हणजे अंदाजी किंमत, लोकांना ओढण्यासाठी असते, तिच्यावर बजेट बांधू नका.

कर्क: मधली वाट

स्कॉटलंडची कर्क या दोघांच्या मधे बसते. दगडी बांधकाम भक्कम, आतला नकाशा चॅपलसारखा प्रवचनासाठी आखलेला, शेजारी बहुधा वेगळा हॉल. घर करणाऱ्याला तो हॉल म्हणजे वरदान: आधी त्यात राहायला जायचं आणि मोठी इमारत सवडीने करायची.

स्मशानाचा प्रश्न इथे वेगळ्या प्रकारे सुटलेला आहे. 1925च्या कायद्याने पॅरिश चर्चची स्मशानं स्थानिक प्रशासनाकडे गेली, त्यामुळे भोवतालचं गवत कापणं हे काउन्सिलचं काम. पण जमीनही काउन्सिलची, म्हणजे ड्रेनेजसाठी, गाडी दारापर्यंत नेण्यासाठी त्यांच्या दारात जावं लागतं. दुर्गम भागात कर्क चारी बाजूंनी दुसऱ्याच्या जमिनीत बेटासारखी उभी असते आणि गाडी लावायला कुठेही हक्काची जागा नसते. एजंटचे फोटो वरून, ड्रोनने काढलेले असतील तर त्यात रस्ता कुठे संपतो ते बघा.

खरेदीची रीत वेगळी: 'ऑफर्स ओव्हर' अमुक, म्हणजे त्या आकड्याच्या वर बोली, मग एक शेवटची तारीख, त्या दिवशी सगळ्यांच्या बंद ऑफर. समोरच्याने किती टाकले कळत नाही. पण लिलावासारखी घाई नाही, कारण दोन्ही बाजूंच्या वकिलांची पत्रं पुरी होईपर्यंत सौदा पक्का होत नाही. घंटा, युद्धस्मारकाच्या पाट्या, क्वचित ऑर्गन विक्रीतून वगळलेले असू शकतात. यादी मागा.

स्कॉटलंडबद्दल सांगताना लीथला वळसा घालायलाच हवा. एडिनबरोच्या या बंदरभागात हिंदू मंदिर आहे ते एका जुन्या प्रेस्बिटेरियन (चर्च ऑफ स्कॉटलंडच्याच परंपरेतल्या) चर्चमध्ये, आणि थोड्या अंतरावरचा गुरुद्वारा आहे तो सेंट थॉमस चर्चमध्ये. हे सेंट थॉमस 1840च्या दशकात बांधवून घेतलं जॉन ग्लॅडस्टन यांनी, पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टन यांच्या वडिलांनी. गुलामगिरी संपल्यावर 1838 साली कलकत्त्याहून दोन जहाजं भरून हिंदुस्थानी मजूर करारावर डेमेराराच्या (आजच्या गयानातल्या) उसाच्या मळ्यांत नेले गेले, त्यामागे हेच गृहस्थ होते. त्यांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या भिंतींत 1970च्या दशकापासून लंगर चालतो. कोणी म्हणालं, "चर्चमध्ये गणपती कसा बसवायचा?" तर मी हे सांगतो. लंडनच्या ब्रिक लेनवरची ती प्रसिद्ध इमारतही आहेच: 1743ला ह्युगेनॉटांचं, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट निर्वासितांचं चर्च, मग मेथडिस्ट चॅपल, 1898ला ज्यूंचं सिनेगॉग, 1976पासून मशीद. स्वामिनारायण पंथाच्या बीएपीएस शाखेचं ब्रिटनमधलं पहिलं मंदिरही 1970 साली इस्लिंग्टनच्या एका वापरात नसलेल्या चर्चमध्येच सुरू झालं.

तिन्हींकडे सारखं: लिस्टेडचं जोखड

इमारत चर्च म्हणून वापरात असते तोवर मोठ्या पंथांना लिस्टेड इमारतींच्या परवानगीतून सूट असते, त्यांची स्वतःची तपासणी-व्यवस्था आहे म्हणून. ती सूट तुम्हाला मिळत नाही. खरेदीनंतर प्रत्येक फेरफाराला स्थानिक प्रशासनाची संमती लागते. आणि लिस्टेड म्हणजे फक्त दर्शनी भाग हा समज सोडून द्या. आतली माडी, बाक, पुलपिट, बाहेरची जुनी कुंपणाची भिंत, सगळं त्यात येऊ शकतं. बाक काढून सपाट हॉल करायचा तुमचा बेत त्या एका संमतीवर अडकलेला आहे, म्हणून ऑफर देण्याआधी तिथल्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला, म्हणजे जुन्या इमारतींचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. इंग्लंडमध्ये विनापरवाना फेरफार हा फौजदारी गुन्हा आहे, तुरुंगवासापर्यंत जाणारा. आधीच्या मालकाने चोरून केलेलं काम पूर्ववत करायची नोटीसही नव्या मालकाच्या नावाने निघू शकते.

स्कॉटलंडमध्ये श्रेण्या ए, बी, सी; इंग्लंड आणि वेल्समध्ये वन, टू स्टार, टू. मंडळाने टूच्या वर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. बिगर-लिस्टेड चॅपल मिळालं तर सोन्याहून पिवळं, मग ते दिसायला कसंही असो.

वापराच्या परवान्यात मंडळाला एक फायदा आहे. इंग्लंडमध्ये प्रार्थनास्थळ आणि सार्वजनिक हॉल दोन्ही नियोजन नियमांतल्या एफ-वन या वापर-वर्गात येतात, त्यामुळे चर्चचा हॉल करताना वापरबदलाची परवानगी सहसा लागत नाही. घर करायचं तर लागते. उलट व्हॅटमध्ये घरवाल्याचं फावतं: बिगर-निवासी इमारतीचं घर करताना ठेकेदाराच्या बऱ्याच कामावर 5 टक्के, मंडळाच्या हॉलच्या दुरुस्तीवर पूर्ण 20. लिस्टेड इमारतींतल्या मंजूर फेरफारांवरची जुनी व्हॅट-माफी ऑक्टोबर 2012मध्ये संपली. इंटरनेटवरचे जुने लेख वाचून हिशेब मांडणारे इथे फसतात. खरेदीवरचा कर बिगर-निवासी दराने लागतो: इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये दीड लाख पौंडांपर्यंत शून्य, वेल्समध्ये 2,25,000पर्यंत शून्य. मंडळ नोंदणीकृत चॅरिटी असेल तर तिन्हीकडे त्यातून सवलत मागता येते. नोंदणी नसेल तर आधी ती करा, चर्च पळून जात नाही.

कर्जाचं सोपं आहे: नेहमीच्या बँका रूपांतर न झालेल्या चर्चवर घरकर्ज देत नाहीत. इकॉलॉजी बिल्डिंग सोसायटीसारख्या मोजक्या संस्था अशा कामांकडे बघतात. रिकाम्या इमारतीचा विमाही महाग, कारण छतावरचं शिसं चोरीला जातं.

पहिल्या भेटीत काय बघायचं

उन्हात जाऊ नका, पावसात जा. छत्री घेऊन बाहेरून फेरी मारा आणि पन्हळी बघा. पन्हळीतून जांभळ्या तुऱ्यांची बडलियाची झुडपं डोकावत असतील, तर ती साफ करायला बरीच वर्षं कोणी वर गेलेलं नाही. त्या झुडपाच्या नेमक्या खाली आत जाऊन भिंत बघा. तिथे गिलाव्याचे पोपडे सुटलेले असतील, हात लावला की पांढरी पूड येईल, आणि त्या रेषेत वर जिथे तुळई भिंतीत शिरते ते टोक कुजलेलं असण्याची भीती. किल्लीचं टोक लाकडात टोचून बघा. ते लोण्यात गेल्यासारखं शिरलं तर त्या तुळईचा खर्च किमतीतून वजा करून मगच बोलायला बसा.

दगडांच्या सांध्यांकडे बघा. मूळ बांधकाम चुन्याचं. चुना ओल आत-बाहेर करू देतो, आपल्या वाड्यांच्या भिंती त्यावरच टिकल्या. विसाव्या शतकात कोणीतरी स्वस्तात सिमेंट भरलेलं असतं, मग पाणी सांध्याऐवजी दगडातून बाहेर पडतं आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळून पडतो. हे दुरुस्त होतं, पण हळू आणि महाग, कारण सिमेंट खरवडून काढावं लागतं आणि चुन्याचं काम थंडीत करता येत नाही.

वर बघा, जमिनीवर बघा. बाकांवर उंदराच्या लेंड्यांसारखे काळे दाणे दिसले आणि बोटाने चुरल्यावर त्यांची भुकटी झाली, तर वर वटवाघळं आहेत. ब्रिटनमध्ये सगळ्या जातींची वटवाघळं संरक्षित आहेत. ती नसताना त्यांची जागा बुजवणंसुद्धा गुन्हा. सर्व्हे साधारण मे ते सप्टेंबरमध्येच होतो, म्हणजे ऑक्टोबरात खरेदी केलीत तर छताच्या परवानगीसाठी पुढच्या उन्हाळ्याची वाट.

मग शेजार. समोरच्या घरांच्या खिडक्या किती जवळ आहेत ते पावलांनी मोजा. ढोल-ताशा, शनिवार, रात्रीचे साडेनऊ, ही परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. जुन्या खिडक्यांची रंगीत काच एकेरी असते, आवाज अजिबात अडवत नाही, आणि लिस्टेड असेल तर दुहेरी काच सहजी बसवू देत नाहीत. पार्किंगसाठी रविवारी दुपारी त्या रस्त्यावरून एक चक्कर मारा.

एवढं करून अँग्लिकन चर्च आवडलंच, तर ते बरेच दिवस बाजारात पडलेलं निवडा. त्याची योजना बहुधा आधीच मंजूर असते, वापर ठरलेला असतो, आणि तो तुमच्या कामाचा आहे का हे एका दुपारी वाचून कळतं. नुकतंच बंद झालेलं चर्च घ्यायला गेलात तर मंडळाचा अध्यक्ष दोनदा बदलेल. चॅपलच्या बाबतीत उलट: बराच काळ पडून असलेलं चॅपल म्हणजे बराच काळ गळणारं छत, तेव्हा नुकतं बंद झालेलं, शेवटच्या प्रार्थनेची हिटरची ऊब भिंतीत आहे असं बघा. कर्कसाठी शेजारचा हॉल विक्रीत आहे की वेगळा काढला आहे, हा पहिला प्रश्न, आणि वेगळा काढला असेल तर किंमत कितीही खाली आली तरी मी दुसरी बघेन.

सॉलिसिटर चर्चच्या विक्रीचा अनुभव असलेला हवा, तुमच्या घराची कागदपत्रं करून दिलेला चालणार नाही. त्याच्याकडून टायटल (मालकीचा कागद), कव्हेनंट आणि लिस्टिंगचा मजकूर हे तीन कागद आल्याशिवाय ग्रुपवर वर्गणीचा आकडा टाकू नका.